बॅ. नाथ पै : प्रश्नोत्तराच्या तासाचा मानकरी

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात १७ जानेवारी हा हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. १९५६ च्या जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात जाणार हेही उघड झाले. त्यातून उसळलेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. बेळगावात माणसे बळी पडली. निपाणीच्या कमळाबाई मोहिते याही त्या हुतात्म्यांच्या यादीत आहेत. पंधरा वर्षांनंतर, १९७१ च्या १७ जानेवारीला, त्यांना आदरांजली वाहण्यासाठी बेळगावात सभा भरली. त्या सभेत बोलणाऱ्या नेत्याचे वय अवघे अठ्ठेचाळीस होते आणि हृदयाचे दुखणे त्यांच्या सोबतीला होते. तरीही ते आले आणि बोलले. त्यानंतर त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि १८ जानेवारीला बेळगावातच त्यांची प्राणज्योत मालवली.

हे नेते म्हणजे बॅरिस्टर नाथ पै. तीन आठवड्यांपूर्वीच, २७ डिसेंबर १९७० रोजी, लोकसभा विसर्जित झाली होती. त्यामुळे शेवटच्या भाषणाच्या वेळी ते औपचारिक अर्थाने खासदारही नव्हते. मात्र त्याआधीची सलग तेरा वर्षे दिल्लीतील मंत्र्यांना त्यांच्या प्रश्नांची तयारी करून सभागृहात यावे लागत होते. गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या मतदारसंघाचे ते प्रतिनिधी. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या पिढीला त्यांचे नाव परके नव्हते. पेडणे, डिचोली भागातील कित्येकांनी बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ले येथे जाऊन त्यांची भाषणे ऐकली. आजच्या तरुण वाचकाला मात्र ते एखाद्या चौकाचे किंवा संस्थेचे नाव म्हणूनच ठाऊक असतात. म्हणून हे थोडे सविस्तर.

नाथ पैंचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ले येथे झाला. पाळण्यातले नाव पंढरीनाथ. वडिलांचे छत्र अगदी लहानपणीच हरपले. वेंगुर्ल्याचे बंदर आणि बेळगाव यांना आंबोली घाटाने जोडणारा रस्ता हा त्या काळी व्यापाराचा आणि शिक्षणाचाही मार्ग होता. तळकोकणातील मुलाला पुढे शिकायचे तर बेळगाव हेच जवळचे मोठे गाव. गोव्यातील मराठी कुटुंबांचाही अनुभव याहून निराळा नव्हता. नाथही याच वाटेने बेळगावला आले आणि बेळगाव त्यांचे दुसरे घर झाले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १९४२ च्या चले जाव आंदोलनात ते उतरले, पकडले गेले, त्यांनी तुरुंगवास भोगला. ज्या वयात इतर तरुण नोकरीच्या अर्जांत गुंतलेले असतात, त्या वयात त्यांनी पोलीस कोठडी पाहिली.

स्वातंत्र्याच्या सुमारास ते कायद्याच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि बॅरिस्टर झाले. या मुक्कामात त्यांनी पदवीपेक्षाही मोठी एक गोष्ट आपलीशी केली, ती म्हणजे संसदीय लोकशाहीची सवय. तिथे मजूर पक्षाचे राजकारण त्यांनी जवळून पाहिले. युरोपातील समाजवादी चळवळीशी त्यांचे नाते जुळले आणि १९५४ ते १९६० या काळात ते समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. वेंगुर्ल्याचा मुलगा जगभरातील समाजवादी तरुणांच्या संघटनेचे नेतृत्व करतो, ही त्या काळी कोकणात अभिमानाने सांगितली जाणारी गोष्ट होती. त्यांच्या पत्नी क्रिस्टल या मूळच्या ऑस्ट्रियाच्या. फ्रेंच आणि जर्मन भाषा त्यांना अवगत होत्या. संस्कृत वाङ्मयाचा व्यासंग मूळचाच होता.

१९५७ ची सार्वत्रिक निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत झाली. प्रजा समाजवादी पक्षाचे उमेदवार म्हणून नाथ पै राजापूर मतदारसंघातून निवडून आले. त्या वेळी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात नव्हता. दक्षिण रत्नागिरीचा डोंगराळ, रस्ते नसलेला, मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरींवर जगणारा हा टापू. याच मतदारसंघाने त्यांना १९६२ आणि १९६७ साली पुन्हा दिल्लीला पाठवले.

त्यांची ताकद कशात होती हे समजण्यासाठी सभागृहाचे गणित पाहावे लागते. दुसऱ्या लोकसभेत काँग्रेसचे ३७१ सदस्य होते, प्रजा समाजवादी पक्षाचे १९. पुढच्या लोकसभेत तर हा आकडा १२ वर आला. सभागृहातील चर्चेत बोलण्याचा वेळ पक्षाच्या संख्याबळानुसार वाटला जातो. त्यामुळे अर्थसंकल्पावर असो वा परराष्ट्र धोरणावर, छोट्या पक्षाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. प्रश्नोत्तराच्या तासात मात्र हा हिशेब चालत नाही. तारांकित प्रश्न पुकारला गेला की तो विचारणारा सदस्य एकटा असो की ३७१ जणांतला एक असो, मंत्र्याला उभे राहून त्यालाच उत्तर द्यावे लागते. लेखी उत्तर अधिकाऱ्यांनी तयार केलेले असते. पण त्यानंतरचा पुरवणी प्रश्न आधी कुणाला ठाऊक नसतो. खरी कसोटी तिथे लागते. मंत्र्याला आपल्या खात्याची फाइल ठाऊक आहे की केवळ कागद वाचून दाखवतो आहे, हे त्या दोन मिनिटांत साऱ्या सभागृहाला कळते.

आम्ही वृत्तपत्राच्या मेजावर बसणारी माणसे पर्वरीच्या अधिवेशनाच्या दिवसांत लेखी उत्तरांचे गठ्ठे चाळतो. माहिती गोळा केली जात असल्याचे सांगणारे उत्तर किती वेळा येते, हे मोजायचे आम्ही कधीच सोडून दिले आहे. उत्तर टाळणे ही मंत्र्यांची जुनी कला आहे, आणि टाळलेले उत्तर ओळखून दुसऱ्या वाटेने पुन्हा तिथेच येणे ही प्रश्नकर्त्याची कला. नाथ पै या दुसऱ्या कलेतले उस्ताद होते. आवाज चढवणे, मंत्र्याच्या हेतूवर शिंतोडे उडवणे, कामकाज बंद पाडणे हे त्यांच्या स्वभावात नव्हते. आधीच्या उत्तराची तारीख, करारातील कलम, दुसऱ्या मंत्र्याने दिलेली विसंगत माहिती हे सारे हाताशी ठेवून ते शांतपणे उभे राहत. इंग्रजीवर विलक्षण प्रभुत्व, मधूनच एखादे संस्कृत सुभाषित आणि बोचरा पण विषारी नसलेला विनोद. पंतप्रधान पंडित नेहरू त्यांचे भाषण असले की आवर्जून सभागृहात येऊन बसत, असे त्या काळातील लोक सांगत आले आहेत.

त्यांच्या विषयांचा पल्ला थक्क करणारा होता. एका टोकाला चीनचे आक्रमण. १९५९ च्या ऑगस्टमध्ये लोंगजूची चकमक झाली आणि अक्साई चीनमधून चीनने रस्ता बांधल्याची कबुली सरकारला संसदेत द्यावी लागली. त्या काळापासून १९६२ च्या पराभवापर्यंत सीमेवरील सज्जतेबद्दल सरकारला जाब विचारणाऱ्या मोजक्या खासदारांत नाथ पै पुढे होते. तेव्हा हे विचारणे लोकप्रिय नव्हते. भारत-चीन मैत्रीच्या वातावरणात शंका घेणारा संशयखोर ठरत असे. दुसऱ्या टोकाला पोस्ट-तार खात्यातील कर्मचाऱ्यांचे महागाई भत्ते, कोकणातील बंदरे, आगबोटी आणि रस्ते. परराष्ट्र धोरणावर बोलणाऱ्या खासदाराने खेड्यातल्या पोस्टाबद्दल विचारण्यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही. जुलै १९६० मध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी देशव्यापी संप केला, तेव्हाही त्यांची बाजू मांडणाऱ्यांत ते होते.

गोव्याच्या संदर्भात त्यांचे कार्य आपण विसरता कामा नये. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवी आणि इतर सीमांवरून गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारत सरकारने भारतीय नागरिकांच्या सामूहिक सत्याग्रहाला मनाई केली आणि आर्थिक नाकेबंदी कडक झाली. सीमेपलीकडे आपले नातेवाईक, अलीकडे आपण, अशी दोन्ही बाजूंच्या खेड्यांची अवस्था झाली. रस्त्यावरचा मार्ग असा बंद झाल्यावर हा प्रश्न जिवंत ठेवण्याची जागा उरली ती संसदेची. १९५७ साली लोकसभेत पाऊल ठेवल्यापासून नाथ पैंनी गोव्याचा विषय सोडला नाही. त्यांच्या दृष्टीने हा परराष्ट्र खात्याचा एक विषय नव्हता. तेरेखोल नदीच्या पलीकडे काय चालले आहे, हे त्यांच्या मतदारांना रोज दिसत होते. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटाजवळ पोर्तुगिजांनी भारतीय बोटींवर गोळीबार केला, संसदेत संताप उसळला आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढे उत्तर गोव्यातून लोकसभेवर गेलेले पीटर आल्वारिस हे मुक्तिलढ्यातील नेते आणि नाथ पैंचे समाजवादी सहकारी.

गोव्याचे उत्तर मिळाले, बेळगावचे मिळाले नाही. नाथ पैंच्या आयुष्यातील खरी वेदना इथे आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव, निपाणी, खानापूर हा मराठी बहुभाषिक टापू म्हैसूर राज्यात गेला. १९५७ साली तेव्हाच्या मुंबई राज्याने केंद्राला निवेदन दिले. १९६० मध्ये दोन्ही राज्यांचे प्रत्येकी दोन सदस्य असलेली चार जणांची समिती नेमली गेली. तिच्यात एकमत झाले नाही. मग पुन्हा शांतता. महाराष्ट्राची मागणी तशी साधी होती. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेसाठी जे सूत्र लावले गेले, म्हणजे खेडे हा घटक, भाषिक बहुमत आणि सलगता, तेच इथेही लावा. एकाच देशात दोन सीमांना दोन मोजपट्ट्या का, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर केंद्राच्या कोणत्याही गृहमंत्र्याने आजवर दिलेले नाही.

१९६६ साली वयोवृद्ध सेनापती बापट उपोषणाला बसले. त्यानंतर, २५ ऑक्टोबर १९६६ रोजी, माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला. महाराष्ट्राने याच आयोगाकडे डोळे लावले होते, हे विसरून चालणार नाही. ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, २४७ गावे म्हैसूरला द्यावीत आणि बेळगाव शहर म्हैसूरमध्येच राहावे, असा त्याचा निष्कर्ष होता. बेळगाव शहरात निम्म्याहून अधिक लोक मराठी भाषक असल्याचे आकडे आयोगासमोर होते. तरीही शहरासाठी वेगळे निकष पुढे आले. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, म्हैसूरने तो जसाच्या तसा मागितला, आणि केंद्राने दोघांकडे पाहत काहीच केले नाही. निपाणीचे दुर्दैव तर असे, की जो अहवाल तिला महाराष्ट्रात पाठवत होता, तोच महाराष्ट्राला अमान्य होता. तंबाखूची ही बाजारपेठ आजही कर्नाटकातच आहे.

नाथ पैंनी या अहवालातील विसंगतींवर लोकसभेत कठोर टीका केली. ज्या शहराने आपल्याला घडवले, त्याबद्दल बोलताना त्यांनी भावनेला आवर घालून निकषांची भाषा धरली, याचे मला विशेष वाटते. बेळगावच्या सभेत त्यांना रडता आणि रडवता आले असते, आणि ते तसे बोलतही असत. पण दिल्लीत मद्रासच्या वा बिहारच्या सदस्याला बेळगावच्या गल्ल्या ठाऊक नसतात. त्याला पटतो तो समान न्याय. कन्नड जनतेविषयी त्यांच्या मनात द्वेष नव्हता. सीमाभागात मराठी आणि कन्नड माणसे एकाच बाजारात, एकाच गल्लीत राहतात, हे बेळगावात वाढलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही.

याच संदर्भात गोमंतकीय वाचकाला एक योगायोग दिसावा. गोव्यात जनमत कौल झाला तो १६ जानेवारी १९६७ रोजी, हुतात्मा दिनाच्या आदल्या दिवशी. विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने, यांतून गोमंतकीयांनी दोन पाने निवडली. त्या निकालाबद्दल आपल्याकडे आजही दोन मते आहेत. पण निदान विचारले तरी गेले. बेळगाव-निपाणीच्या मतदाराला असा कौल देण्याची संधी कधीच मिळाली नाही.

अशा माणसाने संसदेवर चिडायला हवे होते. नाथ पै चिडले नाहीत. उलट संसदेचा अधिकार वाढवण्यासाठी त्यांनी स्वतःच एक विधेयक आणले. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने निर्णय दिला, की मूलभूत हक्कांना हात लावण्याचा अधिकार संसदेला नाही. एप्रिलमध्ये नाथ पैंनी खासगी सदस्य म्हणून घटनादुरुस्ती विधेयक मांडले. राज्यघटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार लोकांनी निवडलेल्या संसदेला असला पाहिजे, हा त्याचा गाभा. विरोधी बाकावरील एकट्या सदस्याचे विधेयक संयुक्त समितीकडे जाते आणि त्यावर देशभरातील कायदेपंडित वाद घालतात, हे आपल्या संसदेच्या इतिहासात क्वचितच घडले आहे. त्यांच्या काही समाजवादी मित्रांनाही ते पटले नव्हते. बहुमताच्या हाती मूलभूत हक्क सोपवणे धोक्याचे आहे, हा आक्षेप होता.

विधेयक त्यांच्या हयातीत मंजूर झाले नाही. त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांतच सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती करून तोच मुद्दा घटनेत आणला. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने ही दुरुस्ती मान्य केली, पण घटनेच्या मूलभूत चौकटीला धक्का लावता येणार नाही अशी मर्यादा घातली. त्यानंतर दोनच वर्षांनी आणीबाणी आली आणि तुरुंगात गेलेल्यांत नाथ पैंचे जवळचे सहकारीही होते. आणीबाणी पाहिली असती तर त्यांनी आपल्या विधेयकाकडे कसे पाहिले असते, हा विचार मनात येतोच. मला तरी आक्षेप घेणाऱ्यांची भीती रास्त वाटते. पण त्यांचा संसदेवरचा विश्वास भाबडा होता, असेही म्हणवत नाही. प्रश्न विचारणारा सदस्य जागा असेल तोवर बहुमत बेफाम होणार नाही, असे ते धरून चालले होते, कारण तेरा वर्षे ते स्वतः तसे जागे राहिले होते. लोकशाहीची आराधना हे त्यांच्या पुस्तकाचे नावही याच श्रद्धेतून आलेले आहे.

कोकण रेल्वेचा विषय थोडक्यात सांगतो, कारण त्याचे फळ आपण रोज अनुभवतो. पश्चिम किनाऱ्यावरून रेल्वे हवी, ही मागणी त्यांनी लोकसभेत वारंवार मांडली. तेव्हा डोंगर, नद्या आणि खर्च ही तीन कारणे ठरलेली होती. त्यांच्या हयातीत रुळ दिव्याहून पनवेल आणि आपट्यापर्यंतच पोहोचले. १९७१ च्या मार्चमध्ये राजापूरची जागा त्यांच्याच पक्षाचे मधू दंडवते यांनी जिंकली. पुढे ते रेल्वेमंत्री आणि अर्थमंत्री झाले, १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी हा संपूर्ण मार्ग वाहतुकीसाठी खुला झाला. मडगावहून मुंबईला जाणारी गाडी सावंतवाडी, कुडाळ, राजापूर अशी नाथ पैंच्या जुन्या मतदारसंघातूनच धावते.

सीमाप्रश्न मात्र तिथेच आहे. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि तो प्रलंबित आहे. महाजन अहवालावर संसदेने आजवर निर्णय घेतलेला नाही. २०१२ साली बेळगावात सुवर्ण विधानसौधाची भव्य इमारत उभी राहिली आणि दर हिवाळ्यात तिथे कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते. नाथ पैंच्या गावातच आता प्रश्नोत्तराचा तास होतो. महाराष्ट्र एकीकरण समितीचा मात्र २०१८ साली एकही आमदार निवडून आला नाही, २०२३ सालीही नाही. मराठीत कागदपत्रे मिळावीत, फलकांवर मराठी असावी, ही गाऱ्हाणी त्या सभागृहात समितीच्या बाकावरून मांडणारे सध्या कुणी नाही. समितीचे कार्यकर्ते अधिवेशनाच्या दिवशी बाहेर मेळावा घेण्याचा प्रयत्न करतात आणि बहुधा पोलीस त्यांना अडवतात.

शहापूर भागात नाथ पै चौक आहे. गोव्याहून चोर्ल्याच्या घाटाने बेळगावला कापडखरेदीला जाणारी आपली मंडळी शहापूरच्या पेठेत शिरताना पुष्कळदा त्याच चौकातून जातात.